‘आढळले नाही’ आणि ‘नाही’

आमच्या सांगलीच्या घरात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, एक दोनशे पानी वही आहे. तिच्यावर कोणाचे नाव नाही. आत चार रकाने आखलेले आहेत: तारीख, वेळ, कोण बसले होते आणि काय आढळले. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच मजकूर आहे: ‘दहा मिनिटे. काही आढळले नाही.’

ही वही माझ्या थोरल्या बहिणीने ठेवली. ताईने उभे आयुष्य परिचारिका म्हणून काढले. आमच्या आईला पक्षाघाताचा झटका आला, तिचे उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. त्यानंतरच्या पहिल्या पाच महिन्यांचा हा हिशेब आहे. मिरजेहून तिला घरी आणले तेव्हा ती डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत असे. हाक मारली तर मान वळत नसे. भेटायला येणारी माणसे दबक्या आवाजात म्हणत, “आता आत काही उरलेले दिसत नाही.” ते चांगुलपणानेच बोलत; आमचे दुःख हलके व्हावे हाच त्यामागचा हेतू असे.

ताईला मात्र ते वाक्य रुचले नाही. ती म्हणाली, “उरले आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. मी विचारून पाहते आणि लिहून ठेवते.” त्या वहीमुळे एक प्रश्न माझ्या मनात रुजला, तो अजून सुटलेला नाही. शोध घेऊनही काही सापडले नाही, तर ‘नाही’ असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो?

मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. आईच्या उशाशी रात्री जागताना मी खगोलशास्त्र वाचत असे. त्या वाचनात एका विलक्षण शोधमोहिमेची गाठ पडली आणि ताईच्या वहीचा अर्थ मला तिच्या आधारे कळू लागला. म्हणून वाचकांना थोडा वेळ सांगलीहून फार दूर नेतो.

आपल्या सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की प्रचंड फुगतो. त्याचे बाहेरचे थर सैल होऊन अवकाशात वाहू लागतात. थोडे दूर जाऊन ते थंडावले की त्यांतून धूळ तयार होते. ही धूळ वाळूच्या जातीची, सिलिकेटची असते. काही ताऱ्यांभोवती ती इतकी दाट होते की ताऱ्याचा दृश्य प्रकाश बाहेर पडतच नाही. माण-खटावच्या बाजूला उन्हाळ्यात वावटळ उठली की समोरचा माणूस दिसेनासा होतो, तसेच काहीसे हे आहे. उत्तमातल्या उत्तम दुर्बिणीतून पाहिले तरी त्या जागी केवळ काळोख दिसतो. शेकडो वर्षे आकाशाचे नकाशे निघाले. पण हे तारे त्या नकाशांवर नव्हते, आणि ते नाहीत म्हणून कोणाचे काही अडलेही नव्हते.

परंतु धूळ प्रकाश गिळते तेव्हा ती तापते, आणि तापलेली वस्तू उष्णतेचे, म्हणजे अवरक्त किरण बाहेर टाकते. १९८३ च्या जानेवारीत ‘आयरस’ नावाचा उपग्रह सोडण्यात आला. द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेली त्याची दुर्बीण जेमतेम १० महिने चालली. हेलियम संपला आणि तिचे काम थांबले. तेवढ्या अवधीत तिने जवळजवळ सर्व आकाश अवरक्त किरणांत पाहिले आणि सुमारे अडीच लाख उगमांची यादी आपल्या हाती दिली. त्यांत हे धुळीत बुडालेले तारेही होते. तेथे काही तरी उबदार आहे, एवढे त्या यादीवरून कळले. ते कोण आहे, किती दूर आहे, कोणत्या वेगाने श्वास सोडत आहे, हे मात्र कळले नाही.

ते कळण्यासाठी ऐकावे लागते. निसर्गात घडणाऱ्या मेझर नावाच्या घटनेचा येथे संबंध येतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारी घडताना ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना तरफेच्या तारा ठाऊक असतात. मुख्य तारेवर एखादा स्वर छेडला की खालची त्याच स्वरात लावलेली तार, कोणी हात न लावता, आपोआप झंकारते. मेझरमध्ये रेणूंचे काहीसे असेच होते. ऊर्जा मिळून वरच्या पायरीवर चढलेल्या रेणूजवळून नेमक्या त्याच्या स्वराचा एक तरंग गेला की तो रेणूही त्याच स्वराचा दुसरा तरंग सोडतो. एकाचे दोन, दोनांचे चार होत होत क्षीण स्वर प्रबळ होतो. अशा उद्दीपित उत्सर्जनाची कल्पना आइनस्टाइनने १९१७ मध्ये मांडली होती.

ती प्रत्यक्षात आणणाऱ्यांपैकी चार्ल्स टाउन्स हे एक. १९५१ च्या एप्रिलमध्ये, वॉशिंग्टनमधील एका बागेतील बाकावर भल्या पहाटे बसले असताना, त्यांना ही युक्ती सुचली. पुढे दोन वर्षे उपकरण चालेना. तेव्हा त्यांच्याच विभागातील राबी आणि कुश या दोन ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी खोलीत येऊन त्यांना बजावले की हे होणारे नाही, पैसा वाया घालवू नका. टाउन्स यांनी काम चालूच ठेवले आणि १९५४ मध्ये मेझर चालला. १९६४ चे नोबेल पारितोषिक त्यांना बासोव आणि प्रोखोरोव या रशियन शास्त्रज्ञांसमवेत मिळाले. टाउन्स श्रद्धावान ख्रिस्ती होते. बाकावरच्या त्या क्षणाची तुलना ते धर्मातील साक्षात्काराशी करीत आणि विज्ञान व धर्म यांच्या वाटा एकमेकींजवळ येतात असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. मला मात्र त्या साक्षात्कारापेक्षा नंतरची दोन निष्फळ वर्षे अधिक बोलकी वाटतात.

माणसाने मेझर घडवला खरा. पण निसर्ग तो कितीतरी आधीपासून वाजवीत होता. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील खगोलशास्त्रज्ञांना आकाशातून इतका तीव्र रेडिओस्वर ऐकू आला की तो कोणत्या द्रव्याचा हे न उमगल्याने त्यांनी त्या द्रव्याला गमतीने ‘मिस्टेरियम’ असे नाव दिले. तो हायड्रॉक्सिल रेणूचा, म्हणजे एक ऑक्सिजन व एक हायड्रोजन यांच्या जोडीचा स्वर होता. १९६८ मध्ये हाच रेणू अवरक्त ताऱ्यांभोवती १६१२ मेगाहर्ट्झवर गाताना आढळला. हा स्वर सुमारे १८ सेंटिमीटर लांबीच्या तरंगांचा असतो. धुळीचा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही लहान. एवढा लांब तरंग त्याला जुमानत नाही. जे प्रकाशाला जमले नाही ते या स्वराला जमते.

यापुढची गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. १६१२ मेगाहर्ट्झच्या मेझरमधील रेणूंना वरच्या पायरीवर चढविणारी ऊर्जा कोठून येते? तापलेल्या धुळीच्या अवरक्त किरणांतून. जी धूळ ताऱ्याला झाकते तीच त्याच्या आवाजाला बळ पुरविते. पडदा नसता तर हा स्वरही नसता.

हा स्वर बहुधा दोन टोकांत ऐकू येतो. ताऱ्याभोवतीचे कवच सेकंदाला १० ते २० किलोमीटर वेगाने चोहोकडे पसरत असते. त्यामुळे आपल्याकडे येणाऱ्या बाजूचा स्वर किंचित चढा आणि दूर जाणाऱ्या बाजूचा किंचित उतरता लागतो. तारा मंद-तेजस्वी होतो तसा स्वरही कमी-जास्त होतो. पण पलीकडच्या बाजूचा बदल आपल्याला काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी उशिरा कळतो. त्या विलंबावरून कवचाचा व्यास मोजता येतो. डोळ्यांना कधीही न दिसलेल्या ताऱ्याचे माप असे केवळ ऐकून घेतले गेले.

म्हणून १९८० च्या दशकापासून खगोलशास्त्रज्ञांनी आयरसच्या यादीतून, अवरक्त रंगावरून, संभाव्य तारे निवडले आणि एकेकाकडे रेडिओ दुर्बीण रोखून स्वराचा शोध घेतला. पोर्तो रिकोमधील आरेसिबोची ३०५ मीटरची तबकडी, जी २०२० मध्ये कोसळली, तिने या कामात मोठा वाटा उचलला. आपल्या देशातही बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या १०.४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीचे सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेझर ८६ गिगाहर्ट्झच्या आसपास शोधले. अनेक ताऱ्यांनी उत्तर दिले. अनेकांनी दिले नाही.

या न देणाऱ्यांचे काय करायचे? तेथेच या शास्त्रातील नीतीची मला ओळख पटली. शोधनिबंधात दोन तक्ते असतात. एकात स्वर सापडलेले तारे आणि दुसऱ्यात न सापडलेले. दुसऱ्या तक्त्यात ताऱ्याच्या नावापुढे ‘स्वर नाही’ असे लिहून भागत नाही. तेथे एक आकडा लिहावा लागतो: अमुक इतक्या तीव्रतेपेक्षा प्रबळ स्वर आढळला नाही. हा आकडा ताऱ्याविषयी जितका आहे तितकाच ऐकणाऱ्याविषयी आहे. आमचा कान एवढाच तीक्ष्ण होता, आम्ही एवढाच वेळ थांबलो, अशी ती कबुली असते. आणि कान तीक्ष्ण करणे स्वस्त नाही. यंत्राची खरखर निम्मी करायची तर चौपट वेळ ऐकावे लागते.

तारा गप्प असण्याची कारणेही एकच नसतात. येथे मला जेझुइट धर्मगुरू अँजेलो सेक्की यांची आठवण होते. रोममधील संत इग्नेशियसच्या चर्चवर उभारलेल्या वेधशाळेतून त्यांनी लोलकाच्या साह्याने ४,००० हून अधिक ताऱ्यांचा प्रकाश तपासला आणि १८६८ मध्ये लालभडक ताऱ्यांचा एक निराळा वर्ग मांडला. हे कार्बनसमृद्ध तारे. त्यांच्याभोवतीचा बहुतेक सगळा ऑक्सिजन कार्बनशी बांधला जातो. हायड्रॉक्सिलच्या वाट्याला तो उरत नाही. असा तारा १६१२ वर कितीही वेळ ऐकला तरी गाणार नाही. त्याचा स्वर निराळ्या रेणूचा, निराळ्या पट्टीतला. आणखी काही तारे पूर्वी गात होते आणि नंतर थांबले: आरेसिबोत १९८८ मध्ये ऐकलेला एक मेझर पुढच्या दशकभरात विझत गेलेला नोंदविला आहे.

आणि कधी दोष सर्वस्वी आपल्या कानाचा असतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. विज्ञान दिनाच्या सुमारास मी एकदा मुलांना घेऊन तेथे गेलो होतो; सातारा सोडल्यापासून बसमध्ये चाललेला गोंगाट पहिली तबकडी दिसताच थांबला होता. विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यांतील हायड्रोजनचा मागोवा घेणारी ही दुर्बीण साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकते. १६१२ तिच्या पल्ल्याबाहेर आहे. एवढे थोर यंत्र अशा ताऱ्याकडे रात्रभर रोखून धरले तरी तो विशिष्ट स्वर तिला ऐकू येणार नाही. त्या शांततेचा ताऱ्याशी काही संबंध नसेल.

याच्या उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. १६१२ च्याच पट्ट्यात रशियाच्या ग्लोनास दिशादर्शक उपग्रहांचे संदेश शिरत आणि खगोलशास्त्रज्ञांची पंचाईत करीत. म्हणून दुर्बीण आधी ताऱ्याकडे रोखायची आणि मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे. स्वर दोन्हीकडे आला तर तो ताऱ्याचा नव्हे.

आता पुन्हा आईच्या खोलीत येतो.

ताईची रीत अशी होती: आईचा चांगला हात, डावा, हातात घ्यायचा. नाव घेऊन हाक मारायची, ओळखीचे काही बोलायचे, तिच्या आवडीचे गीत म्हणायचे आणि बोटे दाबली जातात का ते पाहायचे. मी बसलो की मला नेहमीच काही ना काही आढळे. मी आनंदाने ओरडे, “ताई, दाबले!” एके दिवशी तिने मला सांगितले, “आता दहा मिनिटे काहीच न बोलता नुसता हात धरून बस, आणि बोटे किती वेळा हलतात ते मोज.” मी मोजले. बोलताना जितकी हलत तितकीच ती न बोलताही हलत होती. मला त्या दिवशी ताईचा राग आला. ती माझ्या हातून काहीतरी हिसकावून घेते आहे असे वाटले. आज वाटते की माझ्या प्रेमाला ती खोटे बोलण्यापासून वाचवीत होती. आईच्या नावावर मी माझेच मन वाचीत होतो, आणि अशा वाचनात आईला जागा नव्हती.

पाच महिन्यांच्या नोंदींत मी ११ वेळा ‘होय’ लिहिले आहे. त्यांपैकी फक्त चार ताईने मान्य केल्या. एका रात्री ती त्या चार तारखांकडे पाहत बसली होती. चारही एकाच आठवड्यातल्या. ऑगस्ट महिना होता. कृष्णेचे पाणी चढले होते, भिंतीला ओल आली म्हणून आम्ही आईचा पलंग काही दिवस खोलीच्या मधोमध ओढला होता. एरवी त्याची डावी बाजू भिंतीला लागलेली असे आणि आम्ही सारे उजवीकडे बसत असू. ताईने कपाळावर हात मारून घेतला. मेंदूच्या ज्या बाजूच्या झटक्याने वाचा जाते, त्याच झटक्याने पुष्कळदा उजवीकडचे दिसणेही जाते. “जन्मभर दुसऱ्यांच्या नातेवाइकांना हे समजावून सांगितले,” ती म्हणाली, “आणि आपल्या घरात मला सुचले नाही.”

त्याच रात्री आम्ही पलंग फिरवला. सकाळी मी डाव्या बाजूला जाऊन बसलो, तर आईने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही. पण डोळे माझ्याबरोबर दारापर्यंत आले आणि परत फिरले. त्यानंतर ती १४ महिने जगली. चहाची वेळ झाली की ती बोटे दाबत असे असे मला वाटते; ताईने ते अखेरपर्यंत मान्य केले नाही.

ही गोष्ट मी आशा कधी सोडू नये असे सांगण्यासाठी लिहीत नाही. पलंग फिरवूनही ज्यांच्या वहीत एकही ‘होय’ उमटत नाही, अशी घरे मला ठाऊक आहेत. काही शांततांच्या मागे खरोखरच काही नसते, आणि तसे म्हणण्याचे धैर्यही लागते. माझे म्हणणे एवढेच आहे की ‘आढळले नाही’ हे वाक्य प्रामाणिक आहे आणि ‘नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा उधारीचे आहे. वर्गात शेवटच्या बाकावर बसून कधी हात वर न करणारा मुलगा, घरात सून म्हणून आलेली अबोल मुलगी, मिस्सेला येऊन खांबाआड उभा राहणारा माणूस: यांच्याविषयी आपण ‘त्याच्यात काही नाही’ असे सहज बोलून जातो. आपण किती वेळ, कोणत्या पट्टीत आणि कोणत्या बाजूला बसून ऐकले, हा आकडा त्यापुढे कधी लिहीत नाही. ३५ वर्षांच्या नोकरीत मी किती मुलांच्या प्रगतिपुस्तकावर असा आकडा न लिहिता शेरे मारले, याचा हिशेब मला आता लागणार नाही.

आणि तारा व माणूस यांत एक फरक आहे. दुर्बिणीचे तास मोजके असतात. ठरलेला वेळ संपला की तिला पुढच्या ताऱ्याकडे वळावेच लागते, आणि ते योग्यही आहे. माणसाशी वागताना मात्र उत्तर ऐकू आल्यावर आदर सुरू होतो असे नाही. आमच्या धर्मग्रामाचे फादर दर पहिल्या शुक्रवारी पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन येत. तिला कळते का, असे त्यांनी आम्हांला एकदाही विचारले नाही. ते तिला नावाने हाक मारीत, सगळी प्रार्थना सावकाश म्हणत, आणि तिच्या उत्तराच्या जागी थोडे थांबत. पाच महिने ती जागा रिकामीच राहिली. तरी त्यांनी ती कधी गाळली नाही.

आम्ही मात्र गाळली. त्या पाच महिन्यांत, तिच्या उशाशी बसून, आम्ही भावंडांनी साताऱ्याच्या घराचा विषय काढला होता. ज्या घराच्या अंगणात तिने आम्हांला वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा दाखविली, ते घर विकायचे की ठेवायचे, कोणाचा वाटा किती, आता तिला काय त्याचे, असे आम्ही मोठ्याने बोललो. शब्दही चढले. तिचा हात तेव्हा कोणाच्याही हातात नव्हता.

पलंग फिरविल्यानंतर काही दिवसांनी मी डाव्या बाजूला बसलो, तिचा हात धरला आणि त्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. तिने माझ्याकडे पाहिले. मी वाट पाहत राहिलो. खोलीच्या कोपऱ्यात ताई वही घेऊन बसली होती. ती नोंद ताईच्याच अक्षरात आहे, आणि मी ती खोडू दिलेली नाही: ‘दहा मिनिटे. काही आढळले नाही.’